पथ्य सांगणाऱ्याचं शास्त्र

शंकेखोर : पोषणशास्त्रात संशोधन करून पोटाच्या रुग्णांकडे वळलेल्या आहारतज्ज्ञांच्या मुलाखती वाचल्या की मला एकच साचा दिसतो. कॉलेजात असताना पोट बिघडलेलं, तपासण्यांत काही सापडत नाही, मग स्वतःच अभ्यास, पदवी, पीएच.डी., आणि शेवटी ‘माझ्यासारख्यांना मदत करायची’ म्हणून दवाखाना. गोष्ट मनाला भिडते, आणि तिथेच माझी अडचण सुरू होते. एखाद्या उपायानं ज्याला स्वतःला बरं वाटलंय, तो त्या उपायाचा तटस्थ परीक्षक कसा होणार? त्यात विषय आहाराचा. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुठली आणि खोटी कुठली हे रुग्णापासून लपवता येतं. ताटातली भाकरी कशी लपवणार? आणि पोट तर असं, की परीक्षेच्या आदल्या रात्री बिघडतं आणि पेपर सोपा गेला की सुधारतं. अशा अवयवावर, इतक्या कच्च्या विद्येच्या आधारानं, मनात आधीच उत्तर धरून उपचार करायला निघायचं, हे व्यवसाय म्हणून छान असेल. शास्त्र म्हणून मला ते धाडसच वाटतं.

पाठीराखी : साचा बरोबर ओळखलात. मग त्या साच्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरणच घेऊ. मेलबर्नच्या स्यू शेफर्ड. त्यांना स्वतःला सीलिअ‍ॅक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याच्या अस्तराची नासधूस होते तो. त्या आहारतज्ज्ञ झाल्या आणि आधी रुग्ण पाहू लागल्या. संशोधन त्यानंतर आलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्यांच्यासमोर आयबीएसचे रुग्ण होते : सगळ्या तपासण्या नॉर्मल, पण पोट फुगतं, कळा येतात, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. दुधातलं लॅक्टोज, मधातलं फ्रुक्टोज, शुगर-फ्री च्युइंगगममधलं सॉर्बिटॉल यांनी काहींचं पोट बिघडतं हे सुटंसुटं बरंच आधीपासून माहीत होतं. शेफर्ड आणि त्यांचे मार्गदर्शक, पोटविकारतज्ज्ञ पीटर गिब्सन, यांनी या साऱ्यांत कांदा, लसूण, गव्हातली फ्रुक्टान्स आणि कडधान्यांतल्या तशाच साखळ्या मिळवल्या आणि विचारलं, की हे सगळे पदार्थ आतड्यात एकसारखंच वागत असतील तर? लहान आतड्यात ते नीट शोषले जात नाहीत, पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात पोचले की जिवाणू ते आंबवून वायू करतात. पुढे या साऱ्या गटाचं ‘फॉडमॅप’ हे नाव जगभर गेलं. आता तुमच्या भाकरीबद्दल. २००८ साली छापलेल्या चाचणीत त्यांनी भाकरी लपवायचा प्रयत्नच केला नाही, साखर पेयात लपवली. २५ रुग्ण, आणि कुणाच्या पेल्यात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. फ्रुक्टोज मिळालेल्यांपैकी ७० टक्के, फ्रुक्टान्स मिळालेल्यांपैकी ७७ टक्के म्हणाले की त्रास आटोक्यात नाही. नुसतं ग्लुकोज मिळालेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. मनात उत्तर धरून बसलेल्या बाईनं स्वतःलाच अडचणीत आणू शकेल अशी चाचणी रचली, हे तुम्ही तिच्या पदरात टाकाल की नाही?

शंकेखोर : टाकतो, पूर्ण टाकतो. पण त्या २५ जणांची निवडही पाहा. सगळे फ्रुक्टोज नीट न शोषणारे, आणि हे पथ्य करून आधीच बरं वाटलेले. म्हणजे ज्यांना लागू पडलं त्यांच्यातच विचारलं, की लागू पडतं का. दुसरं, फॉडमॅप हा शब्द २००५ साली पहिल्यांदा छापून आला तो आयबीएसच्या लेखात नव्हेच. पाश्चात्त्य आहारानं क्रोन्स आजाराची शक्यता वाढत असेल, अशी ती एक कल्पना होती. कल्पना एका आजारासाठी मांडली आणि रुजली दुसऱ्याच ठिकाणी. शास्त्रात असं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. २०१५ साली स्वीडनमध्ये ७५ रुग्णांवर तुलना झाली. अर्ध्यांना फॉडमॅपचं पथ्य, उरलेल्यांना आपली नेहमीची शिकवण : वेळेवर खा, थोडं थोडं खा, चावून खा, कॉफी-तेल-मसाला कमी, कांदा-कोबी-शेंगा जपून. चार आठवड्यांनी पहिल्या गटात ५० टक्क्यांना बरं वाटलं, दुसऱ्यात ४६ टक्क्यांना. म्हणजे एवढी मोजमापं, एवढी अ‍ॅपं, आणि हाती लागलं ते आजीच्या सल्ल्याइतकंच.

पाठीराखी : आजीच्या सल्ल्यातही कांदा आणि शेंगा होत्या, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. दोन यादींत सामाईक पदार्थ असतील तर निकालही जवळ येणारच. आणि सल्ला आजीचा असला तरी तो देणारी आजी नव्हती. दोन्ही गटांना प्रशिक्षित आहारतज्ज्ञानं समोर बसवून समजावलं होतं.

शंकेखोर : मग तुम्ही माझंच काम केलंत. यादी कुठलीही चालते, समोर बसणारं माणूस लागतं, असाच त्याचा अर्थ होतो ना? आता याच्या शेजारी मोनॅश विद्यापीठाच्याच परिसरातला, म्हणजे फॉडमॅपच्या माहेरचा, २०१६ सालचा एक अभ्यास ठेवतो. ७४ रुग्ण. काहींना पथ्य, काहींना पोटासाठी बेतलेलं संमोहन, काहींना दोन्ही. सहा आठवड्यांनी बरं वाटलेल्यांचं प्रमाण : संमोहन ७२ टक्के, पथ्य ७१ टक्के, दोन्ही मिळून ७२ टक्के. कांदा न सोडता, डोळे मिटून, मनानं जेवढं साधलं तेवढंच कांदा सोडून साधलं. आणि दोन्ही एकत्र केल्यानं कणभरही भर पडली नाही. या तीन आकड्यांपुढे पोषणशास्त्राची पदवी घेऊन दवाखान्यात बसलेल्या माणसानं स्वतःला काय सांगायचं? माझं ज्ञान कामाला येतंय, की माझा आवाज?

पाठीराखी : हा प्रश्न चांगला आहे, आणि तो टाळण्याइतकी मी भोळी नाही. पण शरीर आणि मन असे दोन कप्पे करून तुम्ही तो विचारताय, आणि आतड्यात ते कप्पे सापडत नाहीत. नॉटिंगहॅमच्या गटानं एमआरआयखाली निरोगी आणि आयबीएसच्या माणसांना हीच कर्बोदकं दिली. आतड्यात वायू किती झाला, आतडं किती ताणलं गेलं, हे प्रत्यक्ष पाहिलं. दोन्हीकडे वायू साधारण सारखाच. दुखलं मात्र आयबीएसवाल्यांना. म्हणजे गोष्टीला दोन टोकं आहेत. एका टोकाला ताण, दुसऱ्या टोकाला तो ताण जाणवणारी मज्जासंस्था. पथ्य ताण कमी करतं, संमोहन जाणीव. कुठल्याही टोकाकडून आलात तरी रुग्णाला आराम पडू शकतो. यात पोषणशास्त्र कुठे खोटं पडलं?

शंकेखोर : खोटं पडलं नाही, पण हिशेब जुळत नाही. ताणही कमी आणि जाणीवही कमी, मग दोन्ही मिळून आराम जास्त पडायला हवा होता. तो पडला नाही. एक तर दोन्ही उपाय एकाच वाटेनं जातात, नाही तर दोन्हींच्या खाली तिसरंच काही आहे : आपलं कुणी ऐकतंय, आजाराला नाव मिळालंय, उद्या काय करायचं ते कळलंय.

पाठीराखी : किंवा ज्यांना बरं वाटणं शक्यच होतं त्यांना कुठल्याही एका उपायानं वाटलं, आणि उरलेल्या चारातल्या एकाचा आजार या दोन्हींच्या आवाक्याबाहेरचा होता. यातलं खरं कुठलं हे ७४ माणसांतून ठरत नाही.

शंकेखोर : ठरत नाही, हे मान्य. म्हणूनच मला केळ्याची गोष्ट आठवते. १९२४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी सीलिअ‍ॅकच्या मुलांना केळ्यांवर ठेवलं. पाव नाही, धान्य नाही, बटाटा नाही, केळी भरपूर. मरणाच्या दारातली मुलं बाळसं धरू लागली. कित्येक वर्षं केळं हेच औषध मानलं गेलं. हास यांना वाटायचं, केळ्यातच काहीतरी गुण आहे. गुण होता तो केळं खाताना जे ताटातून गेलं त्याच्यात, म्हणजे गव्हाच्या जाण्यात. उपचार बरोबर, कारण साफ चूक. आणि चुकीच्या कारणाची किंमत मुलांनीच मोजली. बरी झाली असं समजून त्यांना पुन्हा पाव दिला गेला. मला भीती ही आहे, की आज दवाखान्यात बसलेला पोषणतज्ज्ञ नव्या केळ्याचा प्रचार करत असेल आणि त्याला ते कळायचं साधन त्याच्या टेबलावर नसेल.

पाठीराखी : ती गोष्ट पुढेही सांगा ना. नेदरलँड्सचे विलेम डिके, तेही बालरोगतज्ज्ञच, वॉर्डातल्या मुलांकडे पाहून त्यांना गव्हाचा संशय आला, दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी. १९४४-४५ च्या दुष्काळी हिवाळ्यात त्यांच्या देशात पावाची टंचाई झाली, तेव्हा तो संशय आणखी बळावला. १९५० साली त्यांचा प्रबंध आला. पण त्या संशयाला वजन आलं ते उट्रेख्तच्या व्हान द कामर या रसायनशास्त्रज्ञामुळे. त्यांनी शौचातली चरबी अचूक मोजायची पद्धत बसवली होती. गहू दिला की चरबी वाढते, काढला की उतरते, हे कागदावर आलं. मोजणारा माणूस नसता तर डिके हे दुसरे हास ठरले असते, आणि मुलांकडे पाहणारा डॉक्टर नसता तर कामर यांना काय मोजायचं हेच कळलं नसतं. तुम्ही ज्याला कच्ची विद्या म्हणता ती अशीच पिकते. म्हणून तर पोषणशास्त्रज्ञानं रुग्णांत येऊन बसायला हवं.

शंकेखोर : डिके आणि कामर ही दोन माणसं होती, हे तुमच्या लक्षात आलं का? एकानं विश्वासानं पाहिलं, दुसऱ्यानं अविश्वासानं मोजलं. आपण आता ही दोन्ही कामं एकाच बाईच्या गळ्यात घालतोय. सकाळी रुग्णाला ‘बरं वाटेल’ म्हणायचं आणि दुपारी स्वतःच्याच वाक्यावर संशय घ्यायचा.

पाठीराखी : अवघड आहे, अशक्य नाही. मोनॅशच्याच लोकांनी ते करून दाखवलंय. २०११ साली त्यांनी छापलं, की सीलिअ‍ॅक नसलेल्या काही लोकांनाही ग्लुटेनचा त्रास होतो. ग्लुटेन-फ्री बाजाराला याहून गोड बातमी कुठली? दोन वर्षांनी त्याच गटानं ३७ जणांना आधी फॉडमॅप कमी केलेल्या आहारावर ठेवलं, मग गुपचूप कधी ग्लुटेन दिलं, कधी दुसरं प्रथिन. खास ग्लुटेनमुळे त्रास झाला तो फक्त ८ टक्क्यांना. बाकीच्यांचं काहीही दिलं तरी बिघडलं. पुढे ऑस्लोतल्या चाचणीनंही बोट दाखवलं ते गव्हातल्या ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टान्सकडे. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर दोन वर्षांत स्वतःच पाणी ओतणारे लोक किती क्षेत्रांत सापडतात?

शंकेखोर : ‘काहीही दिलं तरी बिघडलं’ हे तुम्ही फार घाईनं म्हणालात. मला त्या अख्ख्या अभ्यासात तेवढंच वाक्य महत्त्वाचं वाटतं. पुढचा घास बाधणार अशी भीती बसली की साधं प्रथिनही बाधतं. आणि ही भीती कोण बसवतं? लाल-हिरव्या रंगांच्या याद्या देणारी माणसं. पथ्याच्या तीन पायऱ्या आहेत : दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक पदार्थ परत आणून पाहणं, मग ज्याला जे झेपेल तसा कायमचा आहार. प्रत्यक्षात पहिल्या पायरीची झेरॉक्स हातात मिळते आणि दुसऱ्या पायरीला रुग्ण येतच नाही. किंग्ज कॉलेज, लंडनच्या संशोधकांनी २०१२ मध्येच दाखवलं, की या पथ्यानं आतड्यातले बिफिडो जातीचे चांगले जिवाणू कमी होतात. चार आठवड्यांसाठी ठीक. चार वर्षं तेच चाललं तर? आणि आपल्याकडे तर आणखी एक धोका आहे. शौचात रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं पोट, अंगात रक्त कमी, हे सगळं ‘गॅस’ म्हणून पथ्यावर काढलं जातं आणि खाली आतड्याचा टीबी निघतो. किंवा सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी करायच्या आधीच कुणीतरी गहू बंद करतो, मग तपासणी खोटीच नॉर्मल येते.

पाठीराखी : तुम्ही दाखवलेला प्रत्येक धोका अर्धवट शिकलेल्या माणसाचा आहे. त्यावर जास्त शिकलेलं माणूस बसवणं हाच उपाय ना? रुग्णालयातली आहारतज्ज्ञ आपल्याकडे काय करत असते ते पाहा. सॉफ्ट डाएट, डायबेटिक डाएट, रायल्स ट्यूबमधून द्यायची पेज; स्वयंपाकघर आणि वॉर्ड यांच्यामध्ये ट्रॉल्यांचा हिशेब. होम सायन्सच्या कॉलेजातून एम.एस्सी. करून, सहा महिने इंटर्नशिप करून, नोंदणीची परीक्षा देऊन ती इथवर आलेली असते, आणि पोटाच्या ओपीडीत तिला खुर्ची नसते. दुसरीकडे कुणीही फोनवर ‘न्यूट्रिशनिस्ट’ होतो. केंद्राच्या २०२१ च्या सहयोगी आरोग्य-व्यवसायांच्या कायद्यानं आहारतज्ज्ञांना जागा दिली खरी, पण कायद्यातल्या जागेनं ओपीडीत खुर्ची येत नाही.

आणि यादीचं म्हणाल तर मेलबर्नची यादी डोंबिवलीच्या डब्यात बसतच नाही. ब्लूबेरी चालेल, क्विनोआ चालेल, हे वाचून बाई काय करणार? तिला सांगावं लागतं, की फ्रुक्टान्स पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून लसूण तेलात तळसून पाकळ्या काढून टाक आणि त्याच तेलात फोडणी कर. स्वाद राहतो, त्रास जातो. पातीच्या कांद्याची हिरवी पात घे, पांढरा भाग नको. पोळीऐवजी ज्वारीची भाकरी. कडधान्य भिजवलेलं, उकडलेलं पाणी ओतून दे. आणि सीलिअ‍ॅक असेल तर हिंगाची डबी बघ, कारण बाजारच्या हिंगात निव्वळ हिंग थोडा, बाकी डिंक आणि पीठ असतं, कित्येकदा गव्हाचंच. हे कुठल्याच अ‍ॅपला सुचत नाही. घरात स्वयंपाक कोण करतं, सासूबाईंना वेगळी भाजी चालेल का, डबा लोकलमध्ये किती वाजता उघडतो, हे विचारणं हाही उपचाराचाच भाग आहे. गंमत म्हणजे आपल्या परंपरेत याचे तयार प्रयोग पडून आहेत. कांदेनवमीला भजी-थालीपिठं खाऊन चार महिने कांदा-लसूण सोडणारी घरं आहेत. आणि एकादशीचं ताट बघा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे. गहू नाही, कांदा नाही, डाळ नाही. कुणी म्हणालं, ‘एकादशीला माझं पोट शांत असतं,’ तर तिथे नुसती श्रद्धा आहे असं समजून पुढे जाणारी आहारतज्ज्ञ कच्ची.

शंकेखोर : आणि तेवढ्यावरून फॉडमॅप सिद्ध झालं समजणारी त्याहून कच्ची. एकादशी अन् दुप्पट खाशी. पोट शांत असेल तर ते साबुदाण्यानं, सुट्टीनं की पुण्यानं, कोण सांगणार? पण हिंगाचं मला पटलं. लसणाच्या तेलाचंही. त्यात रसायनशास्त्र आहे, आणि ते चुकलं तर चुकलं असं कळतं. माझा आक्षेप आता थोडा सरकलाय, तो नीट मांडतो. पदार्थात काय आहे, ते आतड्यात काय करतं, हे तुमच्या शास्त्रज्ञ बाईला ठाऊक आहे. समोरच्या बाईचं पोट कशानं सुधारलं, हे तिला ठाऊक नाही आणि त्या खोलीत कळणारही नाही, कारण तिथे पथ्य, लक्ष, दिलासा आणि काळ ही चारही औषधं एकदमच दिली जातात. तरीही ती बाईला म्हणणार, ‘तुम्हाला फ्रुक्टान्स चालत नाहीत.’ न म्हटलं तर बाईचा विश्वास बसत नाही, आणि विश्वास बसला नाही तर कदाचित उपचारच अर्धा होतो.

पाठीराखी : तो अर्धा होतोच असं नाही. हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांच्या गटानं २०१० साली आयबीएसच्याच ८० रुग्णांवर पाहिलं. गोळ्या देताना स्पष्ट सांगितलं, की यात औषध नाही, या रिकाम्या गोळ्या आहेत. तीन आठवड्यांनी त्यांतल्या ५९ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, काहीच न दिलेल्यांत ३५ टक्क्यांना. खोटं न बोलताही दिलासा देता येतो. ‘कशानं बरं वाटेल ते मला नक्की माहीत नाही, पण हे करून पाहू, आणि मग एकेक पदार्थ परत आणून कारण शोधू,’ असं म्हणणारी आहारतज्ज्ञ मला अजिबात अशक्य वाटत नाही.

शंकेखोर : त्या रुग्णांना गोळी रिकामी आहे एवढंच सांगितलं नव्हतं. अशा गोळ्यांनीही शरीर स्वतःला सावरतं असं दिसून आलंय, हेही पटवून दिलं होतं. म्हणजे खरं सांगून विश्वासच दिला, फक्त वेगळ्या गोष्टीवरचा. तुमची बाई कशावरचा विश्वास देणार? आपल्या अज्ञानावरचा?

पाठीराखी : आपल्या पद्धतीवरचा. परत आणून पाहणं ही दुसरी पायरी म्हणजे एकाच माणसावर केलेली लहानशी चाचणीच आहे. तीन दिवस लसूण, मग विश्रांती, मग तीन दिवस दूध. हास यांनी मुलांना पाव परत दिला तो चाचणी म्हणून दिला असता, आणि पुढे मोजत राहिले असते, तर केळ्याचं गुपित तेव्हाच फुटलं असतं. दवाखान्यात पोषणतज्ज्ञ असण्याचा अर्थ मी एवढाच लावते, की पहिल्या पायरीवर रुग्णाला सोडायचं नाही.

शंकेखोर : पण लसूण खातोय हे रुग्णाला माहीत असलेली ती चाचणी. २००८ च्या पेल्याइतकी ती कधीच आंधळी असणार नाही. रुग्ण बाईला दुखलं तर लसणानं दुखलं की लसणाच्या धास्तीनं, हे तुम्ही केसपेपरवर कसं लिहिणार?

पाठीराखी : तुम्ही असता तर काय लिहिलं असतं?

शंकेखोर : ‘लसूण दिल्यावर दुखलं.’ कारणाचा रकाना मी कोरा ठेवला असता.

पाठीराखी : कोऱ्या रकान्याचा तो कागद घेऊन ती पुढच्या डॉक्टरांकडे जाईल, आणि ते तिथे ‘लसणाची अ‍ॅलर्जी’ असं लिहून मोकळे होतील. त्यापेक्षा फ्रुक्टान्सचा संशय आहे, एवढं तरी मी लिहीन, आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकीन.

शंकेखोर : टाका. ती बाई ते वाचताना प्रश्नचिन्ह वाचेल की फ्रुक्टान्स?